विश्लेषण : बाळ घरी पोचते, सूचना मात्र रुग्णालयातच का राहतात?

मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावरची कोरकू आई आजारी बाळाला घेऊन दहा-बारा दिवस रुग्णालयात राहते. एके दिवशी दुपारी ‘सुट्टी’ होते. सिस्टर हातात कागद देतात आणि औषधांची पिशवी देतात. दोन मिनिटांत सगळे सांगतात, तेही मराठीत. शेवटी विचारतात, ‘समजलं ना?’ आई मान हलवते. बाहेर गाडी उभी असते, घरी मोठे मूल वाट बघत असते आणि नवऱ्याची मजुरी बुडत असते. त्या क्षणी ‘नाही’ म्हणणारी आई विरळाच.

हे कोणा एका आईचे वर्णन नाही. धारणी, धडगाव, भामरागड किंवा जव्हारच्या वॉर्डात आणि मुंबईतल्या महापालिका रुग्णालयांतही थोड्याफार फरकाने हेच दृश्य दिसते. बाळाला वाचवण्यासाठी यंत्रणा लाखो रुपये खर्च करते. ते घरी कसे जगवायचे, हे सांगण्यासाठी मात्र तिच्याकडे दोन मिनिटे असतात. डिस्चार्ज हा उपचाराचा शेवट नसून उपचाराचाच एक भाग आहे, हे मान्य केल्याशिवाय ही दरी बुजणार नाही.

डिस्चार्ज कार्डवर काय असते?

निदान, तपासण्यांचे निष्कर्ष, दिलेले उपचार, घरी द्यायची औषधे आणि पुढच्या तपासणीची तारीख अशी या कागदाची साधारण रचना असते. हा कागद मुळात एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला असतो. म्हणून तो इंग्रजीत असतो आणि त्यात ‘ओडी’, ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एसओएस’ अशी संक्षेपाक्षरे असतात. त्यांचा अर्थ अनुक्रमे दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा आणि गरज पडली तर. टीडीएस म्हटले की शिकल्यासवरल्या माणसालाही आधी प्राप्तिकर आठवतो. मग शाळेची पायरी न चढलेल्या आईकडून कोणती अपेक्षा ठेवायची?

डॉक्टरांसाठीचा कागद हवाच. बाळाला पुन्हा त्रास झाला तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला तो लागतो. पण तोच कागद कुटुंबासाठीही पुरेसा आहे, असे गृहीत धरणे ही पहिली चूक आहे. कुटुंबाला चार गोष्टी कळायला हव्यात. कोणते औषध किती आणि कधी द्यायचे, बाळाला काय आणि कसे पाजायचे, कोणती लक्षणे दिसली की तडक परत यायचे आणि पुढची भेट कधी, कुठे व कशासाठी आहे.

मराठीत छापले की प्रश्न सुटतो का?

काही अंशी सुटतो, पूर्ण नाही. मराठी इंडो-आर्य कुळातली भाषा आहे. गोंडी आणि माडिया द्रविड कुळातल्या आहेत, तर कोरकू मुंडा कुळातली आहे. म्हणजे एकाच राज्यातली ही माणसे तीन वेगळ्या भाषाकुळांत बोलतात. नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिलोरी आणि पावरी चालते. पालघरमध्ये वारली बोलली जाते. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या बांधकामांवर आणि ऊसतोडीच्या व वीटभट्ट्यांच्या हंगामात आणखी कितीतरी भाषा येतात. बाजारात भाव विचारण्यापुरती मराठी किंवा हिंदी येणे वेगळे आणि ‘बाळाचा श्वास जोरात चालला तर लगेच आणा’ हे वाक्य नेमके समजणे वेगळे.

दुसरा अडसर अक्षरांचा. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, राज्यातल्या सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी. महिलांमध्ये ती याहून कमी होती. शिवाय जनगणनेतला साक्षर म्हणजे समजून लिहू-वाचू शकणारा. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचून डोसाचा हिशेब करणे ही त्यापुढची पायरी आहे. ती गाठताना पदवीधरही अडखळतो.

तिसरा अडसर आपल्याच मराठीचा. ‘निर्जलीकरणाची लक्षणे आढळल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा’ हे वाक्य मराठीच आहे, पण ते कार्यालयाचे मराठी आहे. ‘बाळाचे डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, ते मलूल पडले तर लगेच दवाखान्यात आणा’ हे आईचे मराठी. भाषांतर करताना पहिले वाक्यच निवडले जाते, कारण ते अधिकृत वाटते.

घरी नेमक्या चुका कुठे होतात?

पहिली जागा औषधाची बाटली. तापावरच्या पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्या. तान्ह्या बाळांसाठी मिळणाऱ्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे १ मिलीलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. नेहमीच्या सिरपमध्ये बहुधा ५ मिलीलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असते. म्हणजे ड्रॉप्स सिरपपेक्षा सुमारे चौपट तीव्र. सिरपचा चमचाभर डोस ठाऊक असलेल्या आजीने ड्रॉप्सही चमचाभर पाजले, तर बाळाच्या पोटात मोठ्या माणसाच्या एका गोळीएवढे, ५०० मिलिग्रॅम औषध जाते. उलट झाले तर ताप उतरत नाही आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून कुटुंब दुसरीकडे वळते.

त्यात घरातला चमचा. एका घरातला चमचा दुसऱ्या घरातल्या चमच्याएवढा नसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये मुलांच्या पातळ औषधांचे माप चमच्यात नको, फक्त मिलीलिटरमध्ये द्या, अशी भूमिका घेतली. औषधासाठी सुई नसलेली सिरिंज वापरावी आणि ती कुठपर्यंत भरायची तिथे रंगीत पट्टी चिकटवावी, हा त्यावरचा साधा उपाय आहे. आकडा वाचता येत नसला तरी पट्टी दिसते.

दुसरी जागा पावडरच्या स्वरूपात येणारे प्रतिजैविक. त्यात उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचे असते, दर वेळी बाटली हलवायची असते आणि तयार केलेले औषध ठरावीक दिवसांनंतर वापरायचे नसते. यातली काही औषधे थंड जागी ठेवावी लागतात. घरी फ्रिज आहे का, हे विचारल्याशिवाय दिलेली सूचना निरर्थक ठरते.

तिसरी जागा जुलाब. ओआरएसचे मोठे पाकीट १ लिटर पाण्यासाठी असते, लहान पाकीट २०० मिलीलिटरसाठी. मोठे पाकीट एका पेल्यात कालवले तर मिश्रण इतके खारट होते की बाळाला अपायच होतो. सोबत दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायच्या असतात. ‘बरे वाटले की औषध बंद’ हा घराघरातला नियम इथे आड येतो. ‘का’ सांगितल्याशिवाय तो नियम कोणी मोडत नाही.

सर्वांत महागडी चूक कोणती?

जी दिसत नाही ती. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडू शकते. या आजाराला ‘आरओपी’ म्हणतात. बाळ दूध पिते, वजन वाढते, वरून सगळे छान दिसते. आत दृष्टी जात असते. म्हणूनच ३४ आठवड्यांपूर्वी किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळांची डोळ्यांची पहिली तपासणी जन्मानंतर साधारण ३० दिवसांच्या आत, आणि फारच लहान बाळांची त्याहून आधी व्हावी, असे भारतातील मार्गदर्शक सूचना सांगतात. वेळेत कळले तर लेझरसारख्या उपचारांनी दृष्टी वाचवता येते. उशीर झाला तर बहुतेकदा हातात काही उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये दिलेला एक निकाल याच प्रश्नावर बोट ठेवतो. चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये २९ व्या आठवड्यात जन्मलेल्या, सव्वा किलो वजनाच्या मुलीची दृष्टी या आजाराने गेली. घरी सोडताना पालकांना धोक्याची कल्पना दिली नव्हती आणि डिस्चार्जच्या कागदावरही तसा इशारा नव्हता. न्या. जगदीशसिंग खेहर आणि न्या. शरद बोबडे यांच्या खंडपीठाने एकूण सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. डिस्चार्जच्या वेळी न सांगणे हाही निष्काळजीपणा ठरू शकतो, हा या निकालाचा अर्थ. हे कुटुंब दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचू शकले. ज्या आईला कागदावर काय लिहिले होते हेच कधी कळले नाही, ती तक्रार तरी कशाची करणार?

आता कार्डावर ‘आरओपी स्क्रीनिंग’ आणि तारीख लिहिलेली आढळते. पण ते इंग्रजीत लिहिणे आणि ‘या तारखेला आला नाहीत तर बाळाची नजर जाऊ शकते’ असे तोंडी, आईच्या भाषेत सांगणे यात फरक आहे. एकाने रुग्णालयाची कायदेशीर बाजू सावरते, दुसऱ्याने बाळाचे डोळे वाचतात.

‘समजलं ना?’ हा प्रश्न का चालत नाही?

कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. पांढऱ्या कोटासमोर ‘नाही’ म्हणणे म्हणजे आपले अडाणीपण कबूल करणे, अशी भीती असते. डॉक्टर ओरडतील, सुट्टी लांबेल, ही धास्तीही असते. यावर जगभर वापरली जाणारी एक सोपी रीत आहे. सांगितलेली गोष्ट कुटुंबाकडून त्यांच्या शब्दांत परत सांगून घ्यायची, किंवा करून दाखवायला लावायची.

विचारण्याची ढब महत्त्वाची. ‘सांगा बघू, काय सांगितलं मी?’ ही शाळेतली परीक्षा झाली. ‘ताई, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर बाळाच्या आजीला काय सांगाल?’ यात चूक झाली तर ती सांगणाऱ्याची असते. आई अडखळली तर सिस्टरनी पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगायचे. सिरिंजमध्ये औषध भरून दाखवायला लावले की एका मिनिटात जे कळते, ते दहा वेळा ‘समजलं ना’ विचारून कळत नाही. आणि हे सगळे आजीसमोर झाले तर उत्तमच. कारण अनेक घरांत बाळाला काय पाजायचे याचा शेवटचा निर्णय आजीचाच असतो.

दुभाषी कोणी व्हायचे?

आज हे काम हाताशी असेल त्याच्यावर येते. वॉर्डातल्या मावशी, शेजारच्या खाटेवरची बाई, सोबत आलेला काका किंवा शाळेत जाणारी दहा वर्षांची मोठी बहीण. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ‘दर आठ तासांनी’चे ‘दिवसातून आठ वेळा’ कधी होते हे कोणालाच कळत नाही. लहान मुलांवर तर हे ओझे टाकूच नये. अमेरिकेत आणीबाणीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरण्यास आरोग्यविषयक नियमांनी मनाई केली आहे. पुरुष नातेवाइकामार्फत स्तनपानाविषयी बोलायला आई संकोचते, हा आणखी एक मुद्दा.

आदिवासी तालुक्यांतल्या रुग्णालयांत स्थानिक भाषा बोलणारी, शक्यतो महिला समुपदेशक असणे ही चैन नव्हे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्णांना कागदपत्रांत मदत करायला ‘आरोग्यमित्र’ नेमता येतात, तर सूचना समजावून सांगायला भाषामित्र का नकोत? जिथे प्रत्येक भाषेचा माणूस ठेवणे शक्य नाही, तिथे दुसऱ्या रुग्णालयातल्या जाणकाराशी फोनवरून बोलणे करून देता येते.

यंत्राकडून भाषांतर करून घेण्याचा मोह आता वाढेल. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदिवाणी’ हे आदिवासी भाषांसाठीचे अनुवाद-साधन आणले. ते स्वागतार्ह आहे. पण एका राज्यातली गोंडी दुसऱ्या राज्यात जशीच्या तशी चालत नाही आणि औषधाच्या मात्रेत एका आकड्याची चूकही परवडत नाही. भाषा जाणणाऱ्या माणसाने तपासल्याशिवाय असा मजकूर बाळाच्या आईला देऊ नये.

चित्रे आणि मोबाइल यांचा उपयोग किती?

चांगला, पण आपोआप नाही. सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र, भरलेल्या सिरिंजचे चित्र यांनी मदत होते. मात्र चित्र वाचणे हेही शिकावे लागते. कागदावरचे तीन सूर्य म्हणजे तीन दिवस की दिवसातून तीनदा, असा गोंधळ होऊ शकतो. म्हणून चित्र छापण्याआधी त्याच गावातल्या चार बायांना दाखवून त्यांना काय दिसते ते विचारायला हवे. रोजच्या जगण्यातल्या खुणा बऱ्याचदा घड्याळापेक्षा उपयोगी पडतात. चूल पेटवताना, दुपारच्या भाकरीच्या वेळी, दिवेलागणीला असे सांगितले की वेळ लक्षात राहते.

मोबाइलवर आईच्या भाषेत एक मिनिटाचा आवाज नोंदवून देणे हा आणखी स्वस्त उपाय. तो पुन:पुन्हा ऐकता येतो, आजीला ऐकवता येतो. पण फोन बहुधा बाळाच्या वडिलांकडे असतो, ते कामावर असतात आणि रिचार्ज संपले की नंबरही बंद होतो. त्यामुळे घरातला एक आणि गावातला एक असे दोन नंबर लिहून घ्यायला हवेत. त्यातला गावातला नंबर आशाताईंचा असावा.

आशाताईंपर्यंत निरोप पोचतो का?

इथेच व्यवस्थेकडे मोठी ताकद आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाने भेट द्यावी, असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. या कल्पनेचे मूळ महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांतल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या महिलांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. नवजात मृत्युदर त्या गावांत तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. अक्षरज्ञान कमी असले तरी नीट शिकवले, करून दाखवले आणि पुन्हा विचारले, तर माणूस अवघड गोष्ट शिकतो. अडचण शिकणाऱ्याची कमी आणि शिकवणाऱ्याची जास्त आहे.

मग बाळाला घरी सोडले त्याच दिवशी गावच्या आशाताईंना फोन गेला पाहिजे. बाळ निघाले आहे, अमुक औषध अमुक दिवस आहे, डोळ्यांच्या तपासणीची तारीख ही आहे, अमुक लक्षणांवर लक्ष ठेवा. बऱ्याचदा आशाला बाळ घरी आल्याचे शेजाऱ्यांकडून कळते. माहेरी बाळंत झालेली आई सासरी गेली किंवा कुटुंब कामासाठी स्थलांतरित झाले, तर साखळी तिथेच तुटते. फोन नेमका कोणत्या गावच्या आशाला करायचा, हे म्हणूनच कुटुंबाला विचारूनच ठरवायला हवे.

कायदा काय म्हणतो?

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत आजार, उपचार आणि पुढील काळजी यांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क मांडलेला आहे. औषधांची नावे सुवाच्य लिहावीत, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे डॉक्टरांसाठीच्या आचारनियमांतही आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात माता आणि आजारी अर्भकांना सरकारी रुग्णालयातून घरी मोफत सोडण्याची सोय आहे. थोडक्यात, हक्क कागदावर आहेत. पण कागद वाचता न येणाऱ्यांना त्यांचे हक्कही वाचून दाखवावे लागतात.

पण डॉक्टरांना वेळ कुठे आहे?

हा आक्षेप खोटा नाही. एका सिस्टरकडे अनेक बाळे असतात, पदे रिक्त असतात, नव्या रुग्णाला खाट हवी असते. अशा स्थितीत आणखी एक अर्ज भरायला लावला तर तो भरला जाईल आणि आईला काहीच कळलेले नसेल. म्हणून नवा कागद नको, वेळेची वाटणी बदलायला हवी. आई दहा दिवस वॉर्डात असते. शिकवण शेवटच्या दहा मिनिटांत कोंबण्याऐवजी दुसऱ्या दिवसापासून सुरू करावी. आज सिरिंज भरणे, उद्या बाळाला छातीशी उबेत धरणे, परवा धोक्याची लक्षणे. सुट्टीच्या दिवशी फक्त उजळणी. समजावण्यासाठी दिलेली पाच मिनिटे, चुकीच्या डोसामुळे पुन्हा भरती झालेल्या बाळाच्या पाच दिवसांपेक्षा नक्कीच स्वस्त आहेत.

वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी जाणाऱ्या कुटुंबांचाही विचार हवा. घरची मुले, बुडणारी मजुरी, अनोळखी शहर यांमुळे ती जातात. त्यांच्याकडून सही किंवा अंगठा घेऊन हात झटकणे सोपे आहे. खरे तर सर्वांत जास्त धोका त्यांच्याच बाळाला असतो आणि म्हणून सर्वांत जास्त समजावून सांगण्याची गरजही त्यांनाच असते.

पालकांनी काय करावे?

जबाबदारी रुग्णालयाचीच आहे, पण वाट पाहत बसायची गरज नाही. घरी निघण्यापूर्वी चार प्रश्न विचारता येतात. औषध किती, ते सिरिंजमध्ये भरून दाखवाल का? कोणते औषध कधी बंद करायचे? परत कधी आणि कशासाठी यायचे? रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? सिस्टर सांगत असताना परवानगी घेऊन त्यांचा आवाज मोबाइलवर नोंदवून ठेवावा. वाचता येणाऱ्या शेजाऱ्याने, शिक्षकाने, दुकानदाराने कोणी कागद घेऊन आले तर वाचून द्यावा, पण मात्रा स्वतःच्या अंदाजाने सांगू नये. शंका असेल तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला फोन लावून द्यावा.

बाळ दूध ओढत नाही, सगळे उलटून टाकते, झटके येतात, फारच मलूल पडले आहे, श्वास जोरात चालतो किंवा छाती आत ओढली जाते, अंग तापले आहे किंवा गार पडले आहे, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. १०८ वर फोन करावा किंवा जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. ही लक्षणे प्रत्येक आईला तिच्या भाषेत पाठ असणे, हेच डिस्चार्ज नीट झाल्याचे खरे प्रमाणपत्र. कागदावरच्या सहीला त्यानंतरचे स्थान आहे.